सोनेबाजारात पाहिलेलं

अजमान
२२ ऑगस्ट २०११

सौ. अपर्णावहिनींना दत्तप्रसादचा नमस्कार.

पाकिटावर तुमच्या मैत्रिणीचं, माझ्या छायाचं अक्षर आहे, म्हणून तरी तुम्ही ते उघडलं असेल. मी सांगतो, ती लिहिते. शुगरने माझा उजवा डोळा गेला, डाव्याने नुसतं धुकं दिसतं. डॉक्टर दर वेळी तेच, "इन्शाल्ला, सब ठीक होगा." डोकं फिरतं माझं. गेल्या वर्षी नोकरी गेली, दुबईतलं देराचं घर सोडून इथे अजमानला आलो. मुरलीधर बरा आहे ना?

परवा आमच्या इराने कुठेशी वाचलेली गोष्ट सांगितली. प्राचीन ग्रीसमधल्या एका कवीने एका राणीची बदनामी करणारं गाणं रचलं आणि तो म्हणे आंधळा झाला. मग आपले शब्द मागे घेणारं दुसरं गाणं रचलं, तर दृष्टी परत! वर मलाच विचारते, "बाबा, डिड यू एव्हर राइट समथिंग लाइक दॅट?" मी असा खेकसलो की पोरगी रडायला लागली.

लिहिलं होतं ना. मुरलीधरची नोकरी गेली नि तुम्ही दोघं पुण्याला परत गेलात, त्यानंतर महिन्याभरात दुबईतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वाचलं. नवऱ्याची नोकरी गेली तरी सोनं घेत सुटलेल्या बाईवरची कविता. हशा, टाळ्या, वन्स मोअर! ती तुमच्या सासूबाईंपर्यंत पोचली. छायाने तुमचे फोन घेणं बंद केलं. सोनेबाजारातून तुम्हाला बाहेर पडताना मी स्वतः पाहिलं, असं शपथेवर सांगत होतो मी सगळ्यांना.

पाहिलं होतंच. दुकानात शिरताना तुमच्या हातात पाटल्या होत्या, बाहेर येताना नव्हत्या. तुम्ही त्या विकून आलात हे मला तेव्हाच कळलं होतं. माझे डोळे धडधाकट होते, वहिनी. मुरलीधरनंतर माझाच नंबर, ही भीती होती. तुम्ही उधळपट्टीने बुडालात असं म्हटलं, की आपण वाचू असं वाटायचं.

इथवर लिहून छायाने पेन टाकलं. "माहीत होतं?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. आता मीच लिहितोय, ओळी एकमेकींवर चढल्या असतील.

डोळ्यांसाठी हे लिहीत नाहीये. ते गेले ते गेले. येत्या गणपतीत त्याच स्टेजवरून हे सगळं सांगणार आहे. मला माफ करा असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण छायाला एक फोन करा. तिने तुम्हाला तोडलं ते माझ्या शब्दावर, आणि आता तिला माझ्याशीही बोलायचं नाही.

सगळं पाहून खोटं बोललेला,
दत्तप्रसाद