लाल आणि हिरवा

संगमनेर, ५ जानेवारी १९७१

जमलं! झाड नाही, घर नाही, माणूस नाही — नुसते रंग. निळ्याशेजारी राखाडी, मध्ये जांभळ्याची बारीक पट्टी. नगरला ड्रॉइंग शिक्षकांचं प्रदर्शन आहे, तिथं हेच देणार. बायकांत मी एकटीच असेन. बघू देत सगळ्यांना!

सासूबाई डोकावल्या. "ह्यात हाय तरी काय?"

"रंगसंगती, आत्याबाई."

"बरं. भाकरी टाक आता."

९ जानेवारी

चित्रं निवडणारे काकासाहेब सर येऊन गेले. सगळे कागद पाहिले नि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं लाल नि हिरवा मिळत नाही का?"

मी ऐटीत म्हटलं, "माझी संगती थंड रंगांची आहे."

ते गेल्यावर पेटी उघडली. बाकीच्या बाटल्या तळाला गेलेल्या, लाल नि हिरव्याचं सीलसुद्धा तुटलेलं नाही! हे गेले तेव्हा कुंकू गेलं, हिरवा चुडा गेला, अंगावर पांढरं-राखाडी आलं. ते लोकांनी केलं. पण कागदावर कोणी बंदी घातली होती? मीच सोवळं पाळत बसले, आणि वर त्याला आवड म्हणत होते. असा राग आला स्वतःचा!

१० जानेवारी

लाल उघडला. कुंचला बुडवून कागदावर एक रेघ ओढली.

१४ जानेवारी, संक्रांत

गल्लीत हळदीकुंकू. मला बोलावणं नाही, नसतंच. दिवसभर रंगवत बसले. लालाचा थोरला पट्टा, त्याला खेटून हिरवा. काय भांडतात दोघे! मध्ये जरा राखाडी घातला तेव्हा कुठं नांदायला लागले. इतकं चांगलं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. नाही म्हणजे नाही!

सासूबाईंनी पाहिलं. "लोक काय म्हनतील? आपल्या घरात ह्ये रंग?"

"हेच नगरला जाणार, आत्याबाई. खाली माझं नाव असणार."

त्या उठून आत गेल्या. जेवल्याही नाहीत.

२४ जानेवारी

नगरहून आम्ही दोघी आत्ताच आलो. चित्र दारासमोरच लावलंय! खाली स्वच्छ अक्षरांत — भागीरथी. सासूबाई हट्टानं बरोबर आलेल्या. वाटलं, चारचौघांत तमाशा करतात आता. चित्रापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. शेजारचे एक गृहस्थ पुटपुटले, "काही कळत नाही बुवा."

सासूबाई गर्रकन वळल्या. "कळाया कशाला पायजे? माझ्या सुनंनं काढलंय!"

एसटीत मला बसायला जागा नव्हती, पण पाय कुठं दुखतायत!

२५ जानेवारी

आज डाळिंबी साडी नेसून शाळेत गेले. निऱ्या सासूबाईंनी धरल्या.