मामांनी भरलेली रिकामी बाटली

नांदेड, मंगळवार

ती. उमामामींना मंजुश्रीचे शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा, तुमची झोप आणि शिवांशचा अभ्यास, तिन्ही ठीक असेल असं धरून चालते. (भूकंपाच्या भीतीनं लातूरच्या त्या खोलीतही दार उघडं टाकून झोपता का? निदान कडी लावा. क्लासच्या गल्लीत पोरांच्या चपलासुद्धा राहत नाहीत.) नातवाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःचा फोन इथं कपाटात ठेवून त्याला रांधून घालायला गेलात, आणि मला आता पत्र लिहावं लागून राहिलंय. परीक्षा शिवांशची, फोन तुमचा बंद आणि शिक्षा मला!

असो. तक्रार मामांची आहे. मामा म्हणजे तुमचे हे. माझं पीएचडीचं काम काय ते शिवांशला विचारा, त्याच्या जीवशास्त्रात असेल. आपल्या पेशींवर रिसेप्टर नावाची काही प्रथिनं असतात; जंतू आला की ती त्याला ओळखतात आणि शरीराला जागं करतात. त्यातलं एक मला प्रयोगाला हवं होतं. ते कुणा माणसाच्या अंगातून काढत नाहीत (हे मी मामांना कितीदा तरी सांगितलं, तरी त्यांनी 'कुणाचं हाय ते?' विचारलंच). माणसाचं जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालून त्यांच्याकडून ते करवून घेतात, वाळवतात आणि बाटलीत पाठवतात. तेही इतकंसं, की बाटली रिकामीच दिसते. हे शेवटचं मात्र मी मामांना सांगितलं नाही. प्रयोग या महिन्यात झाला नाही तर मुदत संपते आणि इतक्या वर्षांचा प्रबंध पाण्यात. वाढीव मुदत एकदा घेऊन झालीय.

पार्सल यायच्या दिवशी विद्यापीठाला सुट्टी, म्हणून मी मोंढ्यातल्या आपल्या धान्याच्या दुकानाचा पत्ता दिला. तिथंच घात झाला. माल फोडून, तोलून पाहिल्याशिवाय मामा सही करत नाहीत, हे तुमच्याहून जास्त कुणाला ठाऊक! त्यांनी कुरिअरवाल्याला बाकड्यावर बसवलं, खोका फोडला, बाटली उजेडात धरली. रिकामी. धान्याच्या काट्यावर ठेवली. काटा जागचा हलेना. मग त्या बिचाऱ्याला यथेच्छ झापलं. बाटली तशीच परत केली असती तरी चाललं असतं हो! पण भाचीची सरांपुढं मान खाली जायला नको, म्हणून देवाजवळची विभूतीची डबी उघडली, चांगली दोन चिमटी विभूती बाटलीत घातली, टोपण घट्ट लावलं आणि मला एका शब्दानं न सांगता खोका हातात दिला.

दुसऱ्या दिवशी बाटलीत पांढरी पूड! जन्मात पहिल्यांदा मला प्रथिन नुसत्या डोळ्यांनी दिसलं. मी आनंदानं सरांना बोलावलं. सर म्हणाले, कंपनी सुधारली वाटतं. द्रावण घातलं, पूड विरघळेना. हलवलं, विरघळेना. यंत्रात गरगर फिरवलं, तर तळाला सिमेंटसारखा गाळ. सरांनी चष्मा पुसून माझ्याकडं असं पाहिलं की मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी जेवताना मामाच म्हणाले, "लागली का ती बाटली कामाला? लई फसवे लोक हायत ते. रिकामीच धाडली होती. म्या विभूती घातली. रोगाशी लढायला तिच्यापरीस दुसरं काय पायजे?"

माझा घास हातातच राहिला. मी ओरडले, "मामा, तुम्ही माझी सगळी वर्षं बुडवली!" ते ताटावरून उठले. तेव्हापासून दुकानातच चिवडा खाऊन राहिलेत आणि माझ्याशी बोलत नाहीत. चूक त्यांची, आणि तोंड लपवत मी फिरतेय. अशा माणसाबरोबर तुम्ही संसार कसा केलात, हे एकदा निवांत सांगा.

शिवांशला आशीर्वाद.

तुमची,
मंजुश्री

ता.क. खरं काम हे, की सरांनी हातापाया पडून दुसरी बाटली मागवलीय. विद्यापीठात संप आहे, म्हणून तीही दुकानाच्याच पत्त्यावर येणार. तुम्ही एक दिवस या आणि गल्ल्यावर तुम्ही बसा. शिवांश एक दिवस खानावळीत जेवला म्हणून डॉक्टर व्हायचा राहत नाही.

ता.क. २. पत्र टाकायचं राहिलं आणि बाटली आजच आली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा न फोडता सही केली. दुकान बंद करून, खोका दोन्ही हातांत धरून रिक्षानं स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आले. आत येईनात. म्हणाले, "फोडला न्हाई. तोलला बी न्हाई." मला रडूच कोसळलं. बाटली अगदी रिकामी दिसत होती, आणि द्रावण काचेसारखं स्वच्छ झालं. निकाल उद्या कळेल. तेव्हा तुम्ही यायची घाई करू नका. फक्त लातूरहून विभूतीची एक वडी पाठवा. देवाजवळची ती डबी मामांनी खिशात घालून आणली होती, ती मीच मागून घेतली आणि संपवली: माझं कपाळ, सरांचं कपाळ, आणि तीन बोटं यंत्राच्या झाकणावर. बाहेरून.