आज ब्राह्मीचा काढा नाही

अहो,

आज काढा केलेला नाही, शोधू नका. वैद्य म्हणतात ब्राह्मी झोपताना घ्या, आणि सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही न घेण्याचा तुमचा नियम. म्हणून मी पाचलाच देते, तुम्ही सहाला घोरता आणि मध्यरात्री उठून पारसच्या रिकाम्या खोलीत बसता. औषध चुकतंय, वेळ चुकतेय की मीच, काही कळेनासं झालंय.

ब्राह्मी आणून देणाऱ्या घाटघरच्या ठकूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "आमी आदल्या दिशी झाडाला आवतण देतो, मगच पाला खुडतो. पण घरात कुणी रुसून गेलं आसंल तर ती लागू व्हत न्हाई." खरं की खोटं, कुणास ठाऊक. माझ्या औषधांच्या पुस्तकात तरी सापडलं नाही.

पण झाडालासुद्धा बोलवायला जातात म्हटल्यावर मला बसवेना. मंचरला पारसकडे निघालेय. ‘बाबांनी बोलावलंय’ असं सांगणार आहे. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण नको असंही म्हणाला नाहीत.

तो आला तर दिवस मावळायच्या आत पोचू, जेवायला थांबा. आणि झोपू नका. दार तुम्हीच उघडा.

गुलाब