भिंतीतला बल्ब

लातूर, सोमवार

प्रिय मल्लम्मा,

पत्राला प्रिय लावायचं असतं म्हणून लावलं, लगेच फुगून बसू नकोस. मी दोनच इयत्ता शिकले, त्यातलंही अर्धं वर्ष गोवरात गेलं, तेव्हा अक्षराला हसायचं तर हसा. वाचून तर तुझी सूनच दाखवणार. नागम्मा, बाई, सावकाश वाच, आणि जिथं मी तुझ्या सासूला बोलेन तिथं आवाज बारीक करू नको. तिला ऐकू येतं सगळं. नको ते तेवढं ऐकू येत न्हाई.

इथली हालहवाल म्हणशील तर पाणी न्हाई. टँकर चौथ्या दिवशी येतो आणि गल्लीतल्या बायका आदल्या दिवसापासून घागरी मांडून ठेवतात. माझी पितळी घागर ओळीतून कुणीतरी मागं सरकवली होती. कोण ते मला ठाऊक हाय, तिलाही ठाऊक हाय की मला ठाऊक हाय. आपल्या आडात पोहरा सोडला की खाली दगडावर वाजतो. सकाळी तेवढं गुडघाभर झिरपलेलं असतं. जिल्हा झाला तेव्हा चौकात पेढे वाटले होते, आठवतं का? तू दोनदा रांगेत लागली होतीस. पेढे संपले, आता नुसते साहेब उरलेत. रोज नवीन कचेरी, रोज नवीन साहेब, आणि त्या सगळ्यांना राहायला खोल्या पाहिजेत. त्याचं पुढं सांगते.

लाईटचं बिल आलं की मी आधी पाणी पिते, मग उघडते. दर वाढले म्हणतात. आपण काही दर खाली आणू शकत न्हाई, आपला हात आपल्या घरातच चालतो. म्हणून मी जमेल तेवढं करून राहिले. आंघोळीच्या पाण्याची घागर सकाळी माळवदावर उन्हात ठेवते, दुपारपर्यंत हात लावून बघावं इतकी तापते. ते झाकून ठेवलं की दुसऱ्या दिवशी पहाटे कोमट तरी असतं. सूर्याला अजून कुणी मीटर बसवला न्हाई. चूल एकदाच पेटवते, दोन्ही वेळचं सकाळीच करते, आणि चुलीत मागं उरलेल्या आहारावर, म्हणजे निखाऱ्यांवर, डाळ ठेवून देते, ती आपोआप शिजते. बल्ब दर अमावास्येला फडक्यानं पुसते. चुलीचा धूर बसला की चाळीसचा बल्ब पंधराचा होतो आणि बिल मात्र चाळीसचंच येतं. कोनाड्याला आतून चुना दिला, तर उजेड दीडपट झाला. हे सगळं तुझ्या सुनेलाही सांगून ठेव. तिथं दिवसाढवळ्या स्वयंपाकघरात दिवा जळत असणार, मला इथं बसून दिसतो.

आणि भिंतीतला बल्ब. नागम्मा, तुला त्याची गोष्ट माहीत नसेल म्हणून लिहिते. तुझे सासरे चन्नबसप्पा आणि आमचे हे, दोघा भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा मधी भिंत घातली. मीटर मात्र एकच राहिला, माझ्या बाजूला. दोघेही गेले, आम्ही दोन म्हाताऱ्या दोन खोल्यांत दोन बल्ब जाळत बसायचो. पहिलं मोठं बिल आलं तेव्हा तुझी सासू म्हणाली, अक्का, माणसं दोन, तोंडं एकाच भिंतीकडं, मग बल्ब दोन कशाला? व्यंकटी गवंड्याला बोलावलं, त्यानं डोक्याच्या उंचीला चार विटा काढल्या आणि त्या भोकात बल्ब टांगला. अर्धा उजेड इकडं, अर्धा तिकडं. त्याच भोकातून ती मला कारळाची चटणी द्यायची, मी तिला ताक द्यायचे, आणि दोघी मिळून गल्लीतल्या कुणाचं तरी वाटोळं करायचो. भिंत घालताना जेवढं बोलणं तुटलं होतं तेवढं त्या चार विटांतून परत सुरू झालं. ही अक्कल तुझ्या सासूची, हे मी कबूल करते. एरवी तिला अक्कल कमीच.

बटण मात्र माझ्याकडं होतं. आता ऐक मल्लम्मा, आणि तोंड फिरवू नको. संक्रांतीच्या बिलाला मी भडकले. दिवेलागण होऊन गेली होती, तू नातवाची वाकळ शिवत होतीस. मी म्हटलं, तुझ्या या शिवणापायी माझं घर बुडेल, आणि बटण बंद केलं. तुझी सुई कापडात होती की बोटात, मी बघितलं न्हाई. वर त्या भोकात जुनं पोतं कोंबलं. सकाळी पेटी घेऊन नांदेडच्या एसटीत बसलीस आणि शेजारच्या रत्नम्माला सांगून गेलीस, मला न्हाई.

मी म्हटलं, बरं झालं. आता बिल उतरेल.

उतरलं न्हाई. चढलं. मी लाईटच्या कचेरीत जाऊन तिथल्या क्लार्काला दहा माणसांत बोलले की तुमचा मीटर पिऊन फिरतो. त्यानं माणूस पाठवून तपासला, मीटर ठीक होता. तो माणूस भला, म्हणाला, आजी, घरात काय काय चालतं? मी म्हटलं, एक बल्ब, तोही रात्री दोन घटका, आणि आडावरची मोटर. पुढच्याच आठवड्यात मोटर जळाली. नरसिंग मिस्त्रीनं ती उघडली आणि नाक धरलं, जळका वास सगळ्या परसात. म्हणाला, किती वेळ चालू ठेवता? मी म्हटलं, आंघोळ झाली की मोटर चालू करते, पूजेला बसते, पूजा झाली की बंद करते. तासभर. इष्टलिंग तळहातावर घेतलं की मला उठायचं न्हाई, बोलायचं न्हाई, हे त्याला माहीत हाय, तो आपल्यातलाच. तो म्हणाला, आजी, या दुष्काळात तुमच्या आडाला पाणी दहा मिनिटांचं, बाकी पाऊण तास मोटर नुसती हवा ओढते. तेवढ्यात तुमचा बल्ब दोन-तीन रात्री जळला असता. मग डोकं खाजवून म्हणाला, पण मागच्या उन्हाळ्यापासून पाणी असंच हाय, मग ही आजवर जळाली कशी न्हाई?

मल्लम्मा, मी तिथंच दगडावर टेकले.

तुझी पूजा पाच मिनिटांची, माझी तासाची. याचा मला लई तोरा होता, तुलाही ऐकवायचे. पूजेला बसलं की थोड्या वेळानं मोटरचा आवाज ऐकू येईनासा व्हायचा. मला वाटायचं, आपलं ध्यान लागलं. वर्षभर मी हेच समजत होते. रत्नम्मालाही सांगितलं होतं की मला आता बाहेरचं काही ऐकू येत न्हाई. उठल्यावर बटण बंद दिसायचं, तर मीच कधीतरी केलं असेल म्हणून पुढच्या कामाला लागायचे. तू गेलीस आणि दुसऱ्या सकाळपासून आवाज यायला लागला. पूजाभर घरघर, घरघर. मी म्हटलं, भांडण झालं म्हणून मन लागत न्हाई, आठ दिवसांत लागेल. लागलं न्हाई.

तू एकदा म्हणाली होतीस, अक्का, मोटरीकडं बघत जा. मी म्हटलं होतं, तू तुझं बघ. त्यानंतर तू सांगायचं सोडलंस आणि रोज परसातून येऊन गुपचूप बंद करून जायला लागलीस. संक्रांतीला मी बल्बावरून तुला नको ते बोलले, तेव्हा हे माझ्या तोंडावर मारता आलं असतं. मी असते तर मारलं असतं, आणि गल्लीला ऐकवून मारलं असतं. नागम्मा, पुढची ओळ दोनदा वाच, कारण ती पहिल्यांदा ऐकलं न्हाई असं करेल. बिल तुझ्या सासूनं वाढवलं न्हाई, मी वाढवलं. चूक माझी. झालं. आता पुढं वाच.

मोटर मी परत बसवली न्हाई. पोहऱ्यानं काढते, गुडघाभर पाण्याला मोटर म्हणजे थट्टाच. कंबर बोलते, पण बिल निम्म्यावर आलं. तरी एक गोष्ट पटत न्हाई. त्या भोकातलं पोतं मी काढून टाकलं, तर बल्ब लावला की अर्धा उजेड तुझ्या रिकाम्या खोलीत पडायला लागला. तिथं बघायला कोण, दोरीवरची तुझी जुनी चोळी. चूल पेटवते ती एकटीसाठी, आहार उरतो तो वाया. एका जीवाला जेवढं सरपण लागतं तेवढ्यात दोन जीवांचं होतं. मी काही तुझी आठवण काढून राहिले असं समजू नको, मी हिशेबाचं बोलते.

आता पत्र का लिहिलं ते. परवा तुझ्या शिवप्पाचा निरोप आला की आई आता नांदेडलाच राहील, खोली नव्या कचेरीतल्या एका साहेबाला भाड्यानं द्यायची, तो अमावास्येनंतर येईल, त्याआधी भिंतीतलं भोक बुजवून घ्या. साहेबाला स्वतंत्र मीटर पाहिजे. मी व्यंकटीला बोलावलं. विटा त्यानं आणल्या होत्या, त्या परत पाठवल्या. मग वायरमन बोलावला आणि त्याच्याकडून दुसरं काम करून घेतलं. बल्बाचं बटण माझ्या बाजूनं काढून तुझ्या बाजूच्या भिंतीवर बसवलं, तू बसतेस तिथून हात पोचेल एवढ्या उंचीवर. तुझ्या खोलीला मी बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली या पाकिटात घातली हाय. दुसरी किल्ली न्हाई. अमावास्येला दहा दिवस उरलेत. मी सध्या रॉकेलच्या चिमणीवर भागवते, संध्याकाळी लवकर जेवते. तू कधी लावायचा आणि कधी बंद करायचा ते तुझं तू बघ, वाकळ शिवायची तर पहाटेपर्यंत शीव. मी भोकातून हात घालून पाहिला, माझा हात बटणापर्यंत पोचत न्हाई.

तुझीच,
शरणम्मा