कोपरा दुमडलेलं पान

तळेगाव ढमढेरे,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. वैष्णवी,

तुला आणि सुदर्शनरावांना वहिनीचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. कांद्याची लागण उरकली, मेथी बाजारात जाते आहे. फोनवर घरचा विषय निघाला की नेमकी तुझ्या कुकरची शिट्टी होते, म्हणून पत्र लिहिते आहे.

आधी एक नवल सांगते. आबा वाचायला लागलेत. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना बारीक अक्षर दिसतं, आणि शेत ह्यांच्याकडं सोपवल्यापासून दुपार जाता जात नाही. आधी बाजारभाव वाचले, मग शेतीचं मासिक. तेही संपलं तेव्हा एक दिवस तुझं कपाट उघडलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

आता त्यांना काहीही चालतं. रहस्यकथा घेतली की खून कुणी केला असेल यावर जेवताना माझ्याशी वाद. भुताचं पुस्तक वाचलं तेव्हा तिन्हीसांजेला विहिरीकडं जाईनात, वर मलाच भित्री म्हणाले. पाककृती वाचून माझ्या आमटीत खोट काढली. प्रेमाची कादंबरी मात्र वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचतात. परवा बाजारात मेथीच्या ढिगामागं तीच घेऊन बसले होते, गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं. ज्या वडिलांनी तुझ्या वाचनाला रिकामा धंदा म्हटलं, ते हेच बरं का.

पण पुस्तक एकही पुरं करत नाहीत. अर्ध्यात ठेवतात आणि दुसरं घेतात. मला वाटलं डोळे दुखत असतील. काल कपाट झाडताना बघितलं, तर प्रत्येक पुस्तकात खुणेला बसचं तिकीट, आणि तेही तू कोपरा दुमडून ठेवलेल्या पानावरच.

त्यांना न विचारता तू लग्न केलंस, तेव्हापासून तुझं नाव घरात काढायचं नाही, हा नियम त्यांचाच. तरी मी विचारलं, पुढं का वाचत नाही? चष्मा काढून धोतराला पुसला. मग म्हणाले, "पोरगी हितवरच वाचून गेली. ती आल्याबिगर म्या एकटा फुडं कसा जाऊ?"

मला तिथं उभं राहवेना. आत जाऊन रडले.

वैष्णवी, तू कोपरे कशासाठी दुमडायचीस ते मला माहीत आहे. आवडलेलं पान परत वाचायला. ती सगळी पुस्तकं तू केव्हाच संपवली होतीस, लसूण सोलताना शेवट मलाच तर सांगायचीस. हे आबांना एका वाक्यात सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते आपले पुढं वाचत गेले असते, आणि तुझी वाट बघायला त्यांच्याजवळ काही उरलं नसतं. तोंडानं 'ये' म्हणणं त्यांना अजून जमत नाही. मला जमतं. ये. मलाही तुझ्यावाचून करमत नाही.

तुमचं कारेगाव काही लांब नाही. सुदर्शनरावांना कंपनीची सुट्टी असेल तेव्हा दोघंही या. आल्यावर माफी वगैरे काही बोलू नकोस. आबांच्या शेजारी बस, तिकीट लावलेलं पान उघड आणि तिथून पुढं वाचायला लाग. पहिल्यांदाच वाचते आहेस असं वाच.

सगळे शेवट ठाऊक असून गप्प बसलेली,
तुझी वहिनी
सविता