ट्रॅक्टरचे सुटे भाग

ता. ९ मार्च, भर समुद्रात, दुपारी बारा

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उजव्या कोपऱ्यात मिनिटांसकट अक्षांश-रेखांश लिहिले आहेत, ते बाबांना आधी वाचून दाखव. डोक्यावर तारीख आणि ठिकाण नसलेलं पत्र ते न वाचता परत पाठवतात, आणि समुद्रात ठिकाण म्हणजे हेच. चाळीस वर्षं बंदराच्या गोदामात कारकुनी केलेल्या माणसाच्या पोटी जन्माला आल्याचे हे भोग. पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय, कारण घरी आलं तर आधी तेच फोडणार.

नवं जहाज झकास आहे. मी सेकंड ऑफिसर, म्हणजे नकाशा माझ्याकडे आणि शिव्याही माझ्याकडे. आमच्या पोटात ट्रॅक्टरचे सुटे भाग आहेत. कागदांवर तसंच लिहिलंय, आणि कागद कधी खोटं बोलतात का? या सुट्या भागांच्या राखणीला आठ बंदूकधारी आहेत आणि खोक्यांजवळ सिगारेट ओढायला सक्त मनाई. ट्रॅक्टर फारच नाजूक प्रकृतीचे दिसतात.

आणखी गंमत ऐक. जहाज कुठे आहे ते जगाला सांगणारं एक यंत्र असतं. कप्तानाच्या हुकमावरून मी त्यात रोज सकाळी थाप भरतो, की आम्ही एका खाडीत नांगर टाकून इंजिन दुरुस्त करतोय. प्रत्यक्षात दोन आठवडे आम्ही भलतीकडेच सुसाट चाललोय. असं का, म्हणून विचारलं, तर कप्तान म्हणाला की प्रश्न न विचारणारे कंपनीला दुसरीकडे पुष्कळ मिळतात. तुम्ही चौघी ऑफिसात जहाजं मोजत बसता म्हणे. आमचं मोजू नका, ते तिथे नाही.

भाजीपाला घेऊन आलेली बोट पत्र नेतेय आणि बोटवाला खालून ओरडतोय. तब्येतीला जप, बाबांशी भांडू नकोस, आणि माझ्यावरचा रागलोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
भोपळ्या


ता. १६ मार्च, ऑफिस, तिसरा मजला

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र उघडलं तेव्हा समोरच्या भिंतीवर नकाशा होता आणि तुझ्या त्या खाडीत लाल टाचणी. तीन आठवडे आम्ही चौघी त्या टाचणीकडे डोळे फाडून बघतोय. एवढे दिवस कुठलं इंजिन दुरुस्त होतं, यावर पैजा लावून झाल्या. आता कळलं की दुरुस्ती माझा सख्खा भाऊ करतोय, रोज सकाळी, चहा पिता पिता. अभिनंदन.

आमचं काम काय ते तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायची परवानगी नव्हती. शस्त्रबंदी असलेल्या मुलखात चोरून शस्त्रं नेणारी जहाजं आम्ही शोधतो. तुमच्या खोक्यांत तोफगोळे आहेत असं आमचं म्हणणं. मंत्रीमहोदय म्हणतात ट्रॅक्टर. तिथली शेती भलतीच जोरात असावी. मागच्या खेपेचे सुटे भाग पाण्याच्या टँकरपुढे रांगेत उभ्या असलेल्या बायकांवर पडले. एकोणीस गेल्या. ती यादी मी स्वतः टाइप केली, वयांसकट.

तेल भरायला तुम्हाला सत्तावीस तारखेला वाटेतल्या बंदरात थांबावंच लागणार, आणि तिथलं कोर्ट जहाज अडवायला तयार आहे. यंत्र खोटं बोलतंय एवढा पुरावा त्यांना हवा. तो माझ्या पर्समध्ये आहे, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनिशी, मिनिटांसकट. दिला तर तुझं लायसन्स जाईल, कदाचित तुरुंगातही जाशील. नाही दिला तर खोकी पोचतील. आमच्या मोठ्या बाईंना अजून बोलले नाही. मला भीती वाटतेय रे.

पाकिटावरच्या शिक्क्यावरून तुमचा रसदवाला एजंट शोधला. त्याची बोट वीसला पुन्हा तुमच्याकडे येतेय. मी फक्त काळजी करणारी बहीण आहे, असं त्याला सांगितलंय, आणि ते खरंच आहे. काय करू ते कळव. माया आहे, ती या पत्राने कमी झाली असं समजू नकोस.

तुझी,
ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या खेपेला कोपरा कोरा आहे. बाबांना परत पाठवायचं तर पाठवू देत.

तुझं पत्र वाचून मी खाली गेलो. राखणदार जेवायला गेले होते. एक खोकं उघडलं. तेलकट कागदात गुंडाळलेले गोळे, लहान मुलांना दुपट्यात गुंडाळतात तसे, एका ओळीत. ट्रॅक्टरला ते नेमके कुठे बसवतात ते काही माझ्या लक्षात आलं नाही. झाकण नीट लावलं, वर आलो आणि यंत्रात रोजची थाप भरली. आकडा एकही चुकला नाही. इतका मी कामात तरबेज.

ताई, ते पत्र जाळ. हे लायसन्स मिळवायला मला अकरा वर्षं लागली. इथे बावीस माणसं आहेत आणि खोक्यांत काय भरायचं ते त्यांना कुणी विचारलेलं नाही. अडवलेल्या जहाजांवर माणसं वर्ष वर्ष सडतात, ते तुमच्या टाचण्यांना दिसत नाही. आणि आम्ही अडलो तर दुसरं जहाज निघेल, दुसरा कुणी सेकंड ऑफिसर चहा पिता पिता थाप भरेल. मग मीच का? त्या बायकांची वयं तू लिहिली नाहीस, त्याबद्दल आभारी आहे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस, त्यांना सोसायचं नाही. जाळलंस की एक ओळ टाक. लोभ आहे तेवढा पुरे, आणखी वाढवलास तर मला झेपणार नाही.

तुझा,
भोपळ्या


ता. २६ मार्च, विमानतळावरचं बाक

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

बिनठिकाणाचं पत्र मी वाचत नाही. तुझं वाचलं. वय झालं की शिस्त ढिली होते.

तुझी ताई दोन दिवस धड जेवली नाही. परवा तिने दोन्ही पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली की तिच्याने ती देववत नाहीत आणि जाळवतही नाहीत. ती बहीण आहे, बहिणीसारखी वागली. तिच्यावर डूख धरू नकोस. पहिलं पत्र मी तिच्या मोठ्या बाईंना नेऊन दिलं. दुसरं जाळलं. त्यात तू भ्यालेला होतास, ते कोर्टाला कळायचं कारण नाही.

काल मला व्हिडिओच्या पडद्यावरून त्या कोर्टापुढे उभं केलं. कंपनीचा वकील फार सभ्य होता. अक्षर याच खलाशाचं कशावरून, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की पाटीवर हात धरून ते मीच गिरवून घेतलंय. हुकूम झाला. उद्या तुम्हाला अडवतील.

चाळीस वर्षं मी गोदामात बसून सुट्या भागांच्या कागदांवर शिक्के मारले. फार सुबक मारत असे, त्यासाठी प्रशस्तिपत्रकही मिळालं. त्यांतलं एकही खोकं मी उघडलं नाही. तू निदान उघडलंस.

तुझं लायसन्स मी घालवलं, हे मला कळतं. हे पत्र टपालात टाकत नाही, धक्क्यावर तुझ्या हातात देणार आहे, कारण यातलं एक वाक्यही मला तोंडाने जमायचं नाही. पत्र आपलं नाहीच असं म्हण, असं कंपनीचा वकील तुला शिकवेल. तसं म्हणालास की तू सुटशील आणि मी खोटा पडेन. म्हणायचं की नाही ते तू ठरव, मी तुझ्याकडे बघणार नाही. माझ्यावर लोभ ठेवावास असं मागायची माझी आज हिंमत नाही.

तुझे,
बाबा