बरणीतली गोगलगाय

सोनपेठ, ९ डिसेंबर, संध्याकाळ

कितीतरी वर्षांपूर्वी गोदावरीत साडी खोचून उभी होते, तेव्हा ह्यांनी माझ्या काठाला चिकटलेली गोगलगाय हळूच सोडवली. "कुठल्याच पुस्तकात नाही गं ही. हिला तुझं नाव देऊ." मी हसले. नाव द्यायच्या आधी हेच गेले.

वाळूउपशात नदीचा तो काठही गेला, तिथल्या गोगलगायींसकट. नमुन्याशिवाय शास्त्र नवं नाव मानत नाही, आणि उरलीय ही बरणीतली एकच. बरणीतलं स्पिरिट पुन्हा बोटभर उतरलंय.

सूनबाई आज म्हणाली, "आई, बरणी धुऊन लोणचं घालू का हिच्यात? लय वर्षं झाली गोगलगाय मरून."

उद्या माझं ऑपरेशन. परत आलेच नाही तर?

पाटल्या सूनबाईला. बरणी मीराला, माझ्या भाचीला; ती प्राणिशास्त्र शिकवते. मीरा, स्पिरिट आटू देऊ नकोस. आणि नाव माझं नको, ह्यांचं दे.